क्वार्टर नंबर तीनमधली वटवाघळं

ऐंशीच्या दशकाच्या मध्याला आमची इंजिनिअर डिटॅचमेंट उल्हासनगर कॅम्प पाचच्या पलीकडे एका जुन्या डेपोत होती. मी लान्सनायक भोईर, राहणार मोरिवली. घरी सायकलने जाता येईल अशी पोस्टिंग फौजेत फार थोड्यांना मिळते. मला ती अडीच वर्षं मिळाली. रविवारी आउटपास घेऊन आईच्या हातचं जेवायचो आणि संध्याकाळी सहाच्या आत गेटवर हजर व्हायचो.

काम ठरलेलं होतं. साडेपाचला पीटी, आठला फॉल-इन, मग दुपारपर्यंत स्टोअरची देखभाल. पुलाचे भाग, काटेरी तारेची भेंडोळी, लोखंडी खुंट मोजायचे, ग्रीस लावायचं, पुन्हा रचून ठेवायचं. चारला खेळ. डेपोतली बांधकामं महायुद्धाच्या काळातली. त्यातली एक लांबलचक बराक भिंती घालून चार फॅमिली क्वार्टरमध्ये विभागली होती. वर कौलं, खाली फळ्यांचं सीलिंग, आणि मधला माळा चारही क्वार्टरांना एकच. त्या माळ्यावर वटवाघळं होती. सगळ्यात जास्त तीन नंबरवर.

आदल्या वर्षी कोणीतरी मिरच्यांची धुरी दिली होती. काही उडून गेली, बरीचशी फळ्यांच्या वर मरून पडली. वासाने आणि किड्यांनी महिनाभर त्या क्वार्टरात उभं राहवत नव्हतं. तेव्हापासून तीन नंबर बंद होता.

मे महिन्याच्या शेवटी तो उघडायचा हुकूम आला. हवालदार कदम यांना तो क्वार्टर मिळाला होता; बाकीचे तीन आधीच दिलेले होते. कदम साताऱ्याकडचे. घरी त्यांची आई नुकतीच वारली होती. बायको आणि पाच महिन्यांची मुलगी गावच्या घरात एकट्या होत्या. त्यांना लगेच आणणं भाग होतं.

काम नायक गणपत साळवींच्या सेक्शनकडे आलं, म्हणजे आमच्याकडे. साळवी चिपळूणच्या बाजूचे. सुरुंग काढायच्या कामात त्यांचा हात बसलेला, म्हणून आम्ही त्यांना उस्ताद म्हणायचो. बोलणं कमी. शिकवताना एकच गोष्ट पुनःपुन्हा सांगायचे, "आधी बघा. मग पुन्हा बघा. हात शेवटी."

पहिल्या दिवशी त्यांनी कशालाच हात लावला नाही. संध्याकाळी पावणेसातला बराकीच्या चार कोपऱ्यांना चार माणसं उभी केली. प्रत्येकाकडे वायरलेस सेट दिला. मी चौथा, वळचणीखाली उत्तरेला होतो.

"चार नंबर, रिपोर्ट. ओव्हर," सेटवर साळवी.

"चार नंबर. काही नाही. ओव्हर."

सात वाजून पाच मिनिटांनी माझ्या डोक्यावरच्या फटीतून पहिलं वटवाघूळ निसटलं. मुठीएवढं, तपकिरी. मग दुसरं. मग माळेतून मणी ओघळावेत तशी एकामागून एक.

"चार नंबर. निघायला लागली. ओव्हर."

"बोंब मारू नकोस, भोईर. मोज. आउट."

साडेसातपर्यंत सव्वादोनशेच्या वर झाली. बाहेर पडायच्या जागा तीनच निघाल्या. दोन वळचणीत, एक पूर्वेच्या झरोक्यात. दुसऱ्या दिवशी दुपारी साळवी तोंडाला फडकं बांधून माळ्यावर गेले. वीस मिनिटांनी खाली आले. कपाळावर कोळिष्टकं, दंडावर लेंड्यांची धूळ.

"पिल्लं आहेत," ते म्हणाले. "अजून लव नाही अंगावर."

याचा अर्थ मला कळला नाही. मग त्यांनी सांगितलं. आया संध्याकाळी किडे खायला बाहेर जातात, पिल्लं माळ्यावर लटकलेली राहतात. आत्ता फटी बंद केल्या तर आया बाहेर आणि पिल्लं आत उपाशी. पुन्हा तोच वास, तेच किडे. ती उडेपर्यंत थांबायचं. ऑगस्टचा मध्य.

सुभेदार चौहान साहेबांना हे पटलं नाही. "साळवी, ये फौज है कि चिड़ियाघर?"

साळवी सावधान उभे राहून म्हणाले, "साब, ओसी साब से मिलना है."

ओसी म्हणजे आमचे मेजर साहेब. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. एवढंच विचारलं, "और कदम की फॅमिली?"

"मेरा क्वार्टर ले लें, सर. एक नंबर."

तिथे मी हजर होतो. ऐकून मी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. एक नंबर साळवींना मिळाला होता. लग्नाला तीन वर्षं झाली होती आणि दोघं एका छपराखाली राहिलेले दिवस सुट्ट्यांचेच. सुनंदावहिनी जूनच्या पहिल्या आठवड्यात यायच्या होत्या. साळवींनी क्वार्टरला स्वतः चुना लावला होता, खिडकीला पडदा शिवून घेतला होता.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "उस्ताद, वहिनींना काय सांगणार?"

"थोडं थांब म्हणून कळवतो," ते म्हणाले. विषय संपला.

कदमांची बायको मुलीला घेऊन आली आणि पडद्यासकट एक नंबरमध्ये राहायला लागली. साळवी बराकीत आमच्यातच राहिले. दर चार-पाच दिवसांनी माळ्यावर डोकावून यायचे. परत आले की आम्ही विचारायचो, ते एका शब्दात उत्तर द्यायचे. "लव आलीय." "पंख उघडतात." सेक्शनमधल्या कोणालाही आता त्यात हसण्यासारखं वाटत नव्हतं.

जुलैच्या मध्यात ती संध्याकाळ आली. त्या दिवशी आम्ही सगळे सकाळपासून बदलापूरच्या बाजूला नदीवर पुलाच्या सरावाला गेलो होतो. पावसामुळे परतायला सव्वासहा झाले. आम्ही नसताना ठेकेदाराचा गवंडी छपराची गळती काढायला आला होता. माणूस कामाचा. दिसतील त्या भेगा त्याने सिमेंटने भरल्या. वळचणीच्या दोन फटी आणि झरोकाही. एक नंबरच्या सीलिंगची एक फळी काढून वर पाहिलं आणि ती परत नुसती टेकवून ठेवली. पाचला तो निघून गेला.

मी सेट जमा करत असताना, सात वाजून दहा मिनिटांनी, कदमांच्या क्वार्टरातून किंकाळी ऐकू आली.

मी धावलो. साळवी माझ्या आधी पोचले. खोलीत दिवा लागलेला होता आणि दिव्याभोवती वटवाघळंच वटवाघळं फिरत होती. बाहेरची वाट बुजली म्हणून ती त्या सैल फळीतून खाली येत होती. कदम वहिनी मुलीला पोटाशी घेऊन पलंगाच्या कोपऱ्यात बसल्या होत्या. कदम हातात लाठी घेऊन हवेत फिरवत होते.

"कदम साहेब, लाठी खाली."

"पोरगी आहे माझी इथं!"

"म्हणूनच. खाली ठेवा." साळवींचा आवाज चढला नव्हता. "भोईर, दिवा बंद. दार, खिडक्या, सगळं सताड उघड. मग खाली बस आणि हलू नकोस."

मी बटण दाबलं, खिडक्या उघडल्या आणि जमिनीवर बसलो. अंधारात पंखांचा आवाज कापड फडकल्यासारखा येत होता. गालाला वारा लागायचा, अंगाला मात्र काहीच लागलं नाही. मी घाबरलो होतो. लपवण्यात अर्थ नाही.

"भाऊ," कदम वहिनींनी हळूच विचारलं, "हे चावतात का हो?"

मला ठाऊक नव्हतं. उत्तर साळवींनी दिलं. "हातात धरलं तर चावेल, वहिनी. आपण नाही धरायचं. त्यांना फक्त बाहेर जायचंय. पोरीवर पदर घ्या आणि बसून राहा."

दहा मिनिटं लागली. आवाज कमी होत गेला. मग फक्त पाऊस. साळवींनी टॉर्च लावला. एक वटवाघूळ जमिनीवर पडलं होतं, पंख पसरून सरपटत होतं. काटेरी तार ओढायचे चामडी हातमोजे त्यांनी घातले, त्याला अलगद उचललं, बाहेर नेऊन बाभळीच्या खोडावर उंच चिकटवलं. "जमिनीवरून याला उडता येत नाही," ते म्हणाले. थोड्या वेळाने ते उडालं.

मला वाटलं, सुटलो. साळवी मात्र शिडी आणायला निघाले होते.

"उस्ताद, गेली की सगळी."

"आया गेल्या. पिल्लं वर आहेत. तासाभरात एकेक दूध पाजायला परत येईल. वाट कुठंय?"

सिमेंट अजून पुरतं धरलं नव्हतं. साळवी छिन्नी-हातोडा घेऊन शिडीवर चढले. पाऊस तोंडावर येत होता आणि शिडीचे पाय चिखलात सरकत होते. मी एक बाजू धरली. दुसरी बाजू कोणीतरी धरली. पाहिलं तर सुभेदार चौहान साहेब, बनियनवर, डोक्यापासून भिजलेले.

"ऊपर देख, भोईर. सीढ़ी मैं देखता हूँ."

आठच्या आत तीनही वाटा मोकळ्या झाल्या. साळवींच्या डाव्या हाताच्या दोन बोटांची सालं निघाली होती. आम्ही शिडीखालीच उभे राहिलो. थोड्या वेळाने एक काळी रेघ वळचणीकडे आली आणि आत गेली. मग आणखी एक. चौहान साहेबांनी साळवींच्या पाठीवर हात ठेवला आणि ते मेसकडे चालू लागले.

ऑगस्टच्या मध्याला पिल्लं आयांबरोबर बाहेर पडायला लागली. संध्याकाळची मोजणी दुपटीकडे गेली आणि माळ्यावर मागे एकही राहिनासं झालं, तेव्हा साळवी म्हणाले, "आता." कॅम्प पाचमधल्या एका सिंधी दुकानदाराकडे मला जाळीचं कापड आणायला पाठवलं.

"साईं, मच्छरदाणी बनानी है?" त्याने विचारलं.

"नहीं, चमगादड़ के लिए."

त्याने कात्री खाली ठेवली. "चमगादड़ को मच्छर काटते हैं क्या?"

कापडाचे पट्टे प्रत्येक फटीवर वरून आणि दोन्ही बाजूंनी ठोकले, खालचं तोंड मोकळं सोडलं. वटवाघूळ आतून सरकत खाली येतं आणि उडून जातं. परत येताना मात्र जुन्या जागेवर जाळीला थडकतं, खालून आत शिरायचं त्याला सुचत नाही. पहिल्या संध्याकाळी सगळी निघाली. पाचव्या संध्याकाळी चारही सेटवर एकच रिपोर्ट होता. काही नाही. सहाव्या दिवशी माळा तपासून आम्ही फटी पक्क्या बुजवल्या. वटवाघळं कंपाउंडबाहेरच्या पडीक शेडमध्ये गेल्याचं पुढे दिसलं. एकही मेलं नव्हतं.

सुनंदावहिनी ऑगस्टच्या शेवटी आल्या. तीन नंबरला आम्ही सेक्शनने मिळून रंग दिला. गणपतीत त्यांनी सगळ्यांना उकडीचे मोदक खाऊ घातले. साळवी त्या दिवसांत मोठ्याने हसायचे, ते आम्ही पहिल्यांदाच ऐकलं.

नोव्हेंबरच्या मध्यात त्यांची उत्तरेला बदली झाली. फील्ड एरिया, फॅमिली नेता येत नाही. दोघांना मिळालेले दिवस अडीच महिन्यांहून थोडे जास्त. पुढच्या उन्हाळ्यात सीमेजवळ एक वाट सुरुंगांपासून मोकळी करताना नायक गणपत साळवी गेले. डेपोत सिग्नल आला तेव्हा मी स्टोअरमध्ये होतो. चौहान साहेबांनी सेक्शनला फॉल-इन करून तो वाचून दाखवला. आम्ही दोन मिनिटं उभे राहिलो आणि कामावर गेलो.

मी नव्वदच्या सुमारास हवालदार म्हणून निवृत्त झालो. मोरिवलीत, अंबरनाथ गावात, सोनिवलीकडे जुनी कौलारू घरं तेव्हा बरीच होती. कोणाच्या माळ्यावर वटवाघळं शिरली की माझ्याकडे निरोप यायचा. अंबरनाथच्या कारखान्यातला एखादा ऑफिसर विचारायचा, "काही औषध फवारता का?" मी शिडी आणि जाळी दाखवायचो.

असाच एका जूनमध्ये बदलापूर गावातून निरोप आला. गेलो, तर दार सुनंदावहिनींनी उघडलं. त्या भावाकडे राहत होत्या, बालवाडीत शिकवत होत्या. मला त्यांनी आवाजावरून ओळखलं. मी माळ्यावर जाऊन आलो आणि त्यांच्या भावाला सांगितलं, "पिल्लं आहेत. ऑगस्टपर्यंत थांबावं लागेल."

भाऊ वैतागले. "अहो, पावसाळाभर हा वास सहन करायचा?"

वहिनी माझ्याकडे बघत होत्या. "भोईर भाऊजी," त्या म्हणाल्या, "त्या वर्षी मला जूनऐवजी ऑगस्टात बोलावलं. पत्रात लिहिलं होतं, क्वार्टरचं काम बाकी आहे. ते काम हेच होतं का?"

मी हो म्हणालो. मग सगळंच सांगितलं. एक नंबर, कदमांची मुलगी, तो पाऊस, शिडी. सांगताना मी जमिनीकडे पाहत होतो. त्यांच्या वाट्याच्या दिवसांचा हिशोब मला ठाऊक होता.

त्यांनी डोळ्यांना पदर लावला.

"लिहायचं ना तसं," त्या म्हणाल्या. "मला वाटायचं, त्यांना घाई नव्हती. एवढंच लिहिलं असतं, तर मी काय नको म्हणाले असते?"

मग भावाकडे वळून म्हणाल्या, "दादा, ऑगस्टपर्यंत थांबायचं." आणि चहा ठेवायला आत गेल्या.