डावं चाक, उजवं चाक

१९६३ साली माझी पोस्टिंग नेगेवच्या वाळवंटात, येरुहामजवळच्या एका छावणीत झाली. त्याआधी मुंबईत बसच्या वर्कशॉपमध्ये मी ब्रेक आणि क्लचचं काम केलं होतं. त्यामुळे इस्राएलच्या सैन्याने मला बंदूक दिली खरी, पण हातात जास्त वेळ पानाच राहिला. माझी तक्रार नव्हती. तिथे धूळ इतकी होती की पान्याला कधी सुट्टी मिळाली नाही.

छावणीत आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी यहुदी, दोघंच. दुसरा दानिएल वाक्रूळकर, पेट्रोलिंगच्या कमांड कारचा ड्रायव्हर. ती उघडी, जड गाडी होती, मागे सहा शिपाई बसायचे. दानिएल ठाण्यात वाढलेला, हडकुळा, पान मिळत नाही म्हणून कायम वैतागलेला. पण स्टिअरिंगवर बसला की एकदम शांत. सैन्यातून सुटल्यावर त्याला येरुहाम ते बीरशेबा बसवर लागायचं होतं. नोकरी जवळजवळ ठरलेली होती. आई आणि दोन बहिणी येरुहामला त्याच नोकरीकडे डोळे लावून बसल्या होत्या.

मला वर्कशॉपपासूनची एक सवय. गाडी थांबली की उतरून प्रत्येक चाकाच्या ब्रेक ड्रमला हाताची मागची बाजू लावून बघायची. ब्रेक ठीक असले तर पुढचं डावं आणि पुढचं उजवं चाक एकमेकांइतकंच तापतं. एक जास्त तापलं तर समजावं, काहीतरी बिघडलंय. शिपाई यावरून माझी टर उडवायचे. आम्ही यहुदी दारातून जाताना चौकटीवरच्या मेझुझाला, म्हणजे प्रार्थनेच्या डबीला, हात लावून तो ओठांना लावतो. तेव्हा मी चाकाला हात लावला की कोणीतरी ओरडायचंच, "अब्राहम, आता मुका घे!"

त्या वर्षीच्या उन्हाळ्यात, एका गुरुवारी, मख्तेशच्या उतारावर दानिएलची गाडी घसरली. मख्तेश म्हणजे वाळवंटातलं भलंमोठं खोलगट विवर, आत उतरणारा रस्ता वळणावळणाचा. ब्रेक दाबताच गाडीने उजवीकडे झटका घेतला आणि थांबली तेव्हा पुढचं चाक कड्याच्या काठावर होतं. कोणाला खरचटलंही नाही. मी पोचलो तेव्हा पुढच्या डाव्या चाकातून धूर येत होता. हात लावायची गरजच नव्हती.

आमचे लेफ्टनंट उरी भले माणूस, पण त्यांनी गाडीत बसलेल्या सहा जणांचे चेहरे पाहिले होते.

"उतारावर ब्रेकवर पाय ठेवून बसतो हा. रविवारी सुनावणी. तोवर गाडी चालवायची नाही."

"सर, मी खालच्या गिअरमध्ये उतरतो, ब्रेकवर नाही," दानिएल म्हणाला.

"रविवारी बोल." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तू गाडी तपास. खरं असेल तेच सांग. तुझा माणूस आहे म्हणून नको."

आरोप सिद्ध झाला असता तर सैन्याचं लायसन्स जाणार होतं. त्यामागून बसची नोकरीही गेलीच.

शुक्रवारी सकाळी मी ड्रम उघडला. ब्रेक-शू ठीक, स्प्रिंग ठीक, सिलिंडरही ठीक. सगळं साफ करून परत बसवलं, गाडी फिरवून आणली. डावं चाक पुन्हा तापलं. दानिएल माझ्या शेजारी येऊन उकिडवा बसला आणि हळूच बोलला.

"आबा, एक सांगू? रागावू नको. ब्रेकच्या टाकीत मी एरंडेल घातलंय."

"काय?"

"तेल कमी झालेलं. स्टोअरमध्ये डबा नव्हता. आईकडे बाटली होती. ठाण्यात मामा टॅक्सीत तेच घालायचा."

मी त्याला दोन शिव्या घातल्या. कोकणात आमचे आजे-पणजे घाण्यावर तेल गाळायचे. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. घाणे गेले, पण तेलावरचा विश्वास आमच्या रक्तातून गेला नाही. पोट दुखलं, एरंडेल. कान दुखला, एरंडेल. आता ब्रेकलाही एरंडेल.

संध्याकाळी शबात, म्हणजे शनिवारचा विसावा, लागला आणि अवजारं खाली ठेवावी लागली. शनिवारभर मी खाटेवर पडून ती गाडी डोक्यात खोलत आणि जोडत होतो. दानिएलने जेवणाला हात लावला नाही. दुपारी कधीतरी मी उठून बसलो. तेल एकाच टाकीतून चारही चाकांना जातं. तेलाने रबर खराब झालं असतं तर चारही चाकांचं झालं असतं. मग तापतं ते एकच कसं? आणि दुसरं म्हणजे, ब्रेक दाबला की गाडी आधी उजवीकडे ओढायची, सोडला की डावीकडे रेलायची. म्हणजे डाव्या चाकापर्यंत तेल उशिरा पोचत होतं आणि पोचलं की परत येत नव्हतं.

रविवारी सुनावणीआधी मी उरींना गाडीपाशी नेलं. पुढची दोन्ही चाकं जॅकवर उचलली होती.

"सर, ब्रेक दाबा. आता सोडा."

उजवं चाक हाताने गरगर फिरलं. डावं हलेना. चाकाकडे जाणाऱ्या रबरी होजपाइपच्या वरचा जोड मी ढिला केला. थोडं तेल गळलं, चाक तसंच घट्ट. जोड आवळला आणि चाकाजवळचा तेल सोडायचा ब्लीडर स्क्रू उघडला. तेलाची पिचकारी उडाली आणि चाक मोकळं झालं.

"मधे काय राहिलं?" मी विचारलं.

"होजपाइप," उरी म्हणाले.

मी तो काढून उभा चिरला. आतल्या रबराचा पापुद्रा सुटून दारासारखा लटकत होता. पायाच्या जोराने तेल आत ढकललं जायचं, परत येताना दार बंद. ब्रेक लागलेलाच राहायचा.

उरींनी पापुद्रा नखाने उचलून पाहिला. तेवढ्यात दानिएल पुढे झाला. त्याला कोणी विचारलं नव्हतं.

"सर, टाकीत मी आईचं एरंडेल घातलं होतं."

मला त्याचा गळा दाबावासा वाटला. उरी माझ्याकडे बघायला लागले. "त्यानेच झालं का?"

"नाही सर. तेल चारही चाकांना गेलं. पाइप एकच फाटला. जुना होता, उन्हाने गेला."

उरी दानिएलला म्हणाले, "पुढच्या वेळी स्टोअरवाल्याला उठव. आईला नको." सुनावणी झालीच नाही. आम्ही सगळे होज बदलले, टाकी धुऊन नवं तेल भरलं. संध्याकाळी दानिएल जेवला, माझ्या वाट्याचंसुद्धा.

१९६४ च्या हिवाळ्यात आम्ही सरहद्दीजवळच्या एका कच्च्या वाटेने उतरत होतो. पुढे दानिएलची कमांड कार, उरी तिच्यात. मागे वर्कशॉपचा ट्रक, मी त्यात. वळणाआड टेकडीवरून गोळीबार झाला. रेडिओवर उरींचा आवाज आला.

"थांबलोय. ड्रायव्हरला लागलंय. बाकी सगळे खाली उतरलेत."

आम्ही पोचलो तेव्हा शिपाई गाडीच्या आडोशाने गोळ्या झाडत होते. सहाच्या सहा. गाडीमागे खडीत दोन सरळ रेघा उमटल्या होत्या. पलीकडे दरी होती. दानिएलच्या छातीत गोळी लागली होती आणि पाय अजून ब्रेकवर होता. मीच तो उचलला.

गोळीबार थांबला. त्याला स्ट्रेचरवरून नेल्यावर मी पुढच्या चाकांना हात लावला. आधी डाव्या, मग उजव्या. तोच हात ओठांकडे गेला. कोणी हसलं नाही.

आता मी रामल्यात राहतो. शहीद सैनिकांच्या स्मरणदिनाचा भोंगा वाजला की रस्त्यावरच्या गाड्या जागच्या जागी थांबतात, माणसं उतरून उभी राहतात. मला दानिएलची आई आठवते. दानिएलच्या शिवाला, म्हणजे सात दिवसांच्या सुतकाला, मी येरुहामला गेलो होतो. बायका रडत होत्या, ती रडत नव्हती. तिने मला आत बोलावलं, दार लोटलं.

"आबा, खरं सांग. माझ्या तेलाने तर काही झालं नाही ना?"

"नाही मावशी. ब्रेक लागले. गाडी सरळ थांबली, म्हणून बाकीचे वाचले."

"तुला काय ठाऊक?"

"डावं-उजवं सारखंच गरम होतं, मावशी. मी हात लावून पाहिलंय."

तिने माझा तो हात धरला आणि मग ती रडली.