छत्तीस फुलांचा रोल

“हालू नका हं, बाप्पा. जरासेक दम धरा. हालू नका!”

हे वाक्य चाचांनी नवरदेवांना म्हटलं, दहावीच्या फॉर्मसाठी फोटो काढायला आलेल्या पोरींना म्हटलं, विम्याच्या कागदांसाठी उभ्या केलेल्या म्हशीला म्हटलं आणि माझ्या डोळ्यांदेखत माझ्याच अंगणातल्या लिंबोणीला म्हटलं. म्हैस थांबली. लिंबोणी थांबली नाही.

“अबे, सांगून राह्यलो ना तुले! हालून कायले राह्यला बे तू?” चाचा त्या फुलावर असे खेकसले की, शेजारच्या काकू भिंतीवरून डोकावून पाहू लागल्या. कोणाला झापतायत हे कळल्यावर त्यांनी डोकं खाली घेतलं ते हसायला.

मंडळी, तुमच्याही गावात असा एक फोटोवाला असणारच. आमच्या घाटंजीतला हा. उंच, काटकुळा, मेंदी लावलेली दाढी, खिशांचं जाकीट. खिसे किती होते ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. एकदा लेन्सचं झाकण शोधताना त्यांना मागच्या ईदची आख्खी खारीक सापडली, तीही त्यांनी तिथंच खाल्ली. दुकान माझ्या घराच्या भिंतीला लागून. दुकानाला फोन नव्हता. माझ्याकडे होता. तेव्हा चाचांनी पाटीवर स्वतःच्या नावाखाली माझा नंबर रंगवून घेतला आणि पुढे दोन अक्षरं टाकली, पी. पी. नंबर शेजाऱ्याचा, निरोप आपला. मला हे पाटी लागल्यावर कळलं.

“विचारायचं तरी होतं, चाचा.”

“विचारलं असतं तं तुमी नाही म्हटलं असतं काय?”

“नाही.”

“मग?”

मी एसटी स्टँडवर कंट्रोलर होतो. दिवसभर माईकवर लोकांना यवतमाळ-पांढरकवडा ऐकवायचो, पण या माणसापुढे माझा आवाज बसायचा.

तर फोन यायचा आणि माझी बायको परसातून हाक मारायची, “चाचाजी, फोन!” चाचा भिंतीला वळसा न घालता फाटकाजवळच्या खिंडारातून वाकून यायचे. त्या खिंडाराच्या अलीकडेच बायकोची बाग होती. बाग म्हणजे काय, एक लिंबोणी, एक गावरान आंबा, शेवगा, डाळिंब आणि खिडकीखाली संक्रांतवेलीचं एक रोप, जे वर जायचं नावच घेत नव्हतं. पण माघ सरत आला की हे सगळं एकदम अंगात आल्यासारखं करायचं. शेवगा पांढरा व्हायचा, आंब्याच्या मोहराचा वास थेट स्वयंपाकघरात यायचा, लिंबोणीच्या जांभळट कळ्या सकाळी उघडायच्या. एका सकाळी चाचा फोन ठेवून परत जाताना तिथेच अडकले. खाली बसले. मग गुडघ्यावर. मग चक्क पालथे.

“बहू, छत्री हाय काय? काळी?”

तेव्हापासून आमच्या घरी वसंत ऋतू म्हणजे हा देखावा: बायको मागची भिंत दिसू नये म्हणून फुलामागे काळी छत्री धरून उभी, चाचा एका हातात कॅमेरा आणि दुसऱ्या हातात घड्याळवाल्याकडून आणलेलं भिंग घेऊन जमिनीवर, आणि मी चहा घेऊन कोणाला देऊ या विचारात. कारण चाचा चहा कधी पुरा पीत नसत. दोन घोट घेतले की कान घराकडे. पाखरू चिवचिवलं तरी उठायचे. “घंटी वाजली काय?” नाही, चाचा. पुन्हा पालथे. पुन्हा अर्धे उठून, “वाजली ना?” त्यांच्याबरोबर आम्हा दोघांचेही कान तिकडेच लागून राहायचे. फुलं बघावीत तर ती अशी, पळता पळता.

कारण ती कापसाची वाईट वर्षं होती. ठाण्यातून फोन यायचा आणि गावाचं नाव सांगितलं जायचं, बस्स. पंचनाम्याला गेलेल्या माणसाचा फोटो लागे. तालुक्यात त्या कामाला चाचांना बोलवायचे. ते कॅमेरा तसाच गळ्यात टाकून निघायचे. जमादारांची मोटरसायकल नाहीतर आमची एखादी बस. मी ड्रायव्हरला सांगून पुढची सीट ठेवायचो. दुसरं काय करणार होतो?

एकदा जमादारांनीच मला स्टँडवर सांगितलं. सुरुवाती-सुरुवातीला एका गावात चाचा कॅमेरा डोळ्याला लावून सवयीनं बोलून गेले होते, “हालू नका हं, बाप्पा.” पडवीत बायका बसल्या होत्या. त्यांतली एक ते ऐकून उठली ती अशी रडली की जमादारही बाहेर जाऊन उभे राहिले. त्या दिवसापासून चाचा त्या कामावर तोंड उघडत नसत. ओठ मिटून जायचे, मिटून यायचे. आणि आमच्या लिंबोणीपुढे आले की सगळं साठलेलं बोलून घ्यायचे.

“ते फूल ऐकत नाही तुमचं,” मी एकदा डिवचलं.

“नाही ना ऐकत!” चाचांचा चेहरा असा खुलला, जणू मी त्यांना बक्षीस दिलं. “हालतेच साला. म्हणून तं येतो.”

त्यांची एकच हौस होती. एक रोल, छत्तीस फोटो, पहिल्यापासून शेवटपर्यंत निव्वळ फुलांचे. आता मोबाईलवाल्या मंडळींना यात काय अवघड ते समजायचं नाही. रोल महाग, अर्धा वापरून दुसरा टाकता येत नाही. फुलांचे सात झाले की फोन यायचा, आठवा फोटो त्या गावातला. परत येऊन नववा शेवग्याचा. मग चाचा यवतमाळहून रोल धुऊन आणायचे आणि निगेटिव्हची पट्टी उजेडाला धरून मला दाखवायचे.

“हे पाहा, कंट्रोलर साहेब. हे डाळिंबाचं फूल. अन् त्याच्या बाजूले हा माणूस. त्याच्या बाजूले परत मोहोर. आता म्या कैची कुठून चालवू?”

पट्टी ते कापत नसत. तशीच गुंडाळून ठेवायचे.

चार वर्षं असंच चाललं. एका वर्षी गाडी एकोणीसवर अडली. एका वर्षी एकतीसवर, त्या दिवशी फोनकडे जाताना ते मागे वळून आंब्याला म्हणाले, “येतोच मी, थांब.” परत आले तेव्हा पाऊस येऊन मोहर खाली पडला होता. चाचा त्या चिखलात नुसते फिरत राहिले, इकडून तिकडे, तिकडून इकडे.

पाचव्या वर्षी मी ठरवलं, हा रोल मी पुरा करवणार.

मी खोडकर माणूस आहे, हे तुम्ही एव्हाना ओळखलं असेल. रविवार होता, मला सुट्टी. चाचांनी सकाळी आठला नवा रोल भरला. बायकोनं छत्री धरली. मी आत गेलो, फोनचा रिसीव्हर उचलला, बाजूला ठेवला आणि वर टॉवेल टाकला. लोकांनी फिरवला की एंगेज लागेल. लागो. एक दिवस. माझ्या मते मी फार मोठं धर्मकार्य करत होतो. बाहेर येताना मला शीळ घालावीशी वाटत होती.

काय सकाळ होती ती! चाचांचे अकरा फोटो झाले, पंधरा झाले, मग ते घराकडे कान करून थांबले. “आज घंटी कशी नाही?” मी म्हटलं, “आज सगळं खुशाल असेल, चाचा.” हे मी बोललो. माझ्या या तोंडानं. चाचांनी आभाळाकडे पाहून काहीतरी पुटपुटलं आणि पुन्हा पालथे पडले. चोवीस. तीस. एकतीस ओलांडला तेव्हा बायकोनं छत्रीचा हात बदलला आणि हळूच हसली. तिचा हात भरून आला होता, पण सोडायला तयार नव्हती. शेवटचा फोटो त्यांनी लिंबोणीच्या एकाच फुलासाठी पाऊण तास ठेवला. “हालू नका... हालू नका... अबे!” कॅमेरा खट्ट वाजला. रोल संपला.

चाचा बाजेवर बसले. पाच वर्षांत पहिल्यांदा बसले. चहा मागितला, पुरा प्यायले, कप उपडा करून दाखवला. “बहू, अजून अर्धा.” आम्ही तिघंही उगाच हसत होतो.

तेवढ्यात जमादारांची मोटरसायकल फाटकाशी थांबली. अंगभर धूळ.

“काय राजेहो, चाचा! नऊ वाजल्यापासून गावातल्या एसटीडीवरून नंबर फिरवून राह्यलो. एंगेजच येते, एंगेजच! शेवटी म्याच आलो. लोकं बसून हायेत तिकडं. तुमच्या फोटोबगर उचलता येत नाही ना.”

चाचांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते उठून आत गेले. मी मागोमाग. त्यांनी टॉवेल उचलला, त्याची घडी केली, रिसीव्हर दोन्ही हातांनी जागेवर ठेवला. अगदी हळू, आवाज होऊ नये असा.

“लागते आता,” एवढंच म्हणाले आणि निघाले. जाकिटात दुसरा रोल होता की नाही, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

मी दिवसभर घरात फिरत होतो. फोन वाजला की दोघंही दचकायचो.

ऊन कलल्यावर चाचा खिंडारातून आले. बाजेवर बसले नाहीत.

“जवान होता,” ते म्हणाले. “आंगणात होता. तिथून हालवता येत नव्हता. त्याची माय पदराची सावली धरून उभी होती त्याच्या तोंडावर. तीन घंटे. लोक म्हणत बस, तं बसे ना. हात खाली घे, तं घे ना.”

बायकोची छत्री अजून लिंबोणीलाच टेकवलेली होती. तिनं ती उचलली, मिटवली आणि आत जाऊन दाराआड ठेवली. परत आली ती दाराच्या चौकटीतच थांबली.

“चाचा, ते मी...” मी म्हणालो.

“मालूम हाय. माह्यासाठीच केलं तुमी.” त्यांनी खिशातून सकाळचा रोल काढला. बघता बघता त्याची फीत बोटांत धरून ओढली, सगळीच्या सगळी, उघड्या उजेडात. छत्तीसच्या छत्तीस फोटो वाया. मी “अहो!” म्हणून पुढे झालो तोवर ती जमिनीला लागली होती. चाचांनी ती उचलली आणि लिंबोणीच्या फांदीला गाठ मारून बांधली.

“राहू द्या. पाखरं भेतीन.”

जाताना खिंडाराशी वाकले, तसेच थांबले. “साहेब, फोन भायेर नाही येत काय? तार लांब भेटते बाजारात.”

मी दुसऱ्याच दिवशी तार आणली. खिडकीच्या गजातून काढून लिंबोणीजवळच्या स्टुलापर्यंत नेली. पुढची सगळी वर्षं फाल्गुनात आमचा लाल फोन बागेतच असायचा. चाचा यायचे, पालथे पडायचे, फुलांना झापायचे, घंटी वाजली की पहिल्या घंटीला उचलायचे. छत्रीसाठी त्यांनी पुन्हा कधी हाक मारली नाही. पुऱ्या रोलाचं नावही काढलं नाही. त्यांनी मला दिलेला एकच फोटो माझ्याकडे आहे: पुढे लिंबोणीचं फूल, पाकळीवरचा परागाचा कण दिसावा इतकं स्पष्ट, आणि मागे, जिथं काळी छत्री असायची तिथं, धूसर लाल फोन.

पुढे घरोघर मोबाईल आले, पंचनाम्याचे फोटो पोलीसच काढू लागले. चाचांनी दुकान बंद केलं आणि ते लेकीकडे दिग्रसला गेले. तिथून एक दिवस चाचा वारल्याचा निरोप आला. तो माझ्याच नंबरवर आला, तीच पाटी अजून लेकीच्या लक्षात होती.

फोन आम्ही काढून टाकला. तार मात्र राहिली. यंदा माघात पाहतो तर इतकी वर्षं खुरटलेली ती संक्रांतवेल खिडकीच्या गजावरून त्या तारेला धरून लिंबोणीपर्यंत पोचलेली, आणि तारभर केशरी फुलांचे घोस. मी मोबाईल काढला. वारा सुटला होता, सगळी तार झुलत होती. तोंडात चाचांचं ते वाक्य आलं होतं.

मी काही म्हटलं नाही. फोटो हललेला आला. तसाच ठेवलाय.