नत्थू आधी उलटी बाजू पाहायचा

खट्-खटाक. खट्-खटाक.

हातमागावर हा आवाज काढणारा माझा मित्र नत्थू मागच्या वर्षी आजच्या दिवशी गेला.

तेव्हा मी त्याच्याशी बोलत नव्हतो.

सोबतच्या फोटोत डावीकडचा तो. उजवीकडचा मी. लाल टोप्या ट्रिपवाल्यांनी दिलेल्या, म्हातारे हरवू नयेत म्हणून. आम्हा दोघांच्या मध्ये दोन माणसं उभी आहेत. ती का, ते सांगायलाच आज लिहायला बसलो.

मोहाडीला आमच्या शाळेची मागची भिंत आणि नत्थूच्या बापाचा माग, मध्ये फक्त एक बोळ. इकडे कविता चालायची, तिकडे माग. माझ्या सगळ्या कविता त्या ठेक्यावर पाठ झाल्या.

आजही एकटा म्हणायला बसलो की आधी तो ठेका शोधतो. हल्ली सापडत नाही. मग दुसऱ्या कडव्याशी अडतो.

नत्थूनं सातवीत शाळा सोडली आणि बापाच्या जागी बसला. म्हणायचा, "कविता तुले ठेव, कवी. मले चाल पुरे."

आयुष्यभर विणलं त्यानं. मग गिऱ्हाईक आटलं, गुडघे गेले, आणि एक दिवस माग उकलून भंगारात गेला. त्या दिवशी मी त्याच्या ओट्यावर होतो. "गाव लई चूप झालं बे," एवढंच म्हणाला.

त्यानंतरच्या हिवाळ्यात आमच्या ज्येष्ठांच्या ग्रुपची ट्रिप निघाली. वेरूळची लेणी, आणि आदल्या दिवशी वाटेतला हस्तकला बाजार. बावीस म्हातारे, एक मिनीबस, तासातासाला थांबा.

नत्थूला मीच ओढून नेलं. दगड पाहायला इतक्या दूर कायले, हे त्याचं भंडारा सोडेपर्यंत चालू होतं.

बाजारात मला एक पैठणी आवडली. सुनेसाठी.

मुलगा-सून पुण्याला. बायको गेल्यापासून दोन दिवाळ्या मी एकट्यानंच काढल्या. वाटलं, अस्सल हातमागाची पैठणी पाठवावी. नेसून दाखवायला तरी येतील.

ग्रुपमधल्या बायकांना मी पदरावरचा मोर दाखवत होतो. शाळेतल्या कवितेची एक ओळही म्हणून झाली होती.

नत्थूनं पदर हातात घेतला आणि उलटला.

ही त्याची खोड. लग्नात नवरीच्या शालूचाही पदर उलटायचा, त्याची बायको, आमच्या वहिनी, चिमटा काढेपर्यंत.

मागच्या बाजूला कापलेल्या धाग्यांची टोकं दिसत होती.

"हातमागाची नोहोय बे. तिच्या दोन्ही बाजू सारख्या रायतात. हे मशीनचं होय."

कुणी हसलं नाही. पण मला सगळे हसल्यासारखे वाटले.

मी म्हणालो, "तुझा माग भंगारात गेला म्हणून जगातले सगळे माग खोटे होत नाहीत."

नत्थूनं साडीची जुन्या मोडीवर घडी घातली. सावकाश, कुठे सुरकुती राहू न देता. काउंटरवर ठेवली आणि बसमध्ये जाऊन बसला.

मी ती साडी घेतली.

दुसऱ्या दिवशी लेणी. गाइड सगळ्यांना मूर्तींसमोर उभं करत होता आणि नत्थू आपला खांबांच्या मागे मागे. मी बाहेर पायरीवर बसून राहिलो.

आतून त्याची हाक आली. "कवी, इकडे ये. जिथं कोनी पाहात नाही तिथंबी कोरलं हाये यायनं. मांगची बाजू सोडली नाही."

मी उठलो नाही.

थोड्या वेळानं पुन्हा. या वेळी हळू, जणू स्वतःशीच. "हे हातमागाचं काम होय बे."

मी मोबाइल पाहत राहिलो. त्याला रेंजही नव्हती.

हा फोटो त्यानंतरचा.

घरी आल्यावर दार लावून साडी उलटली. नत्थूचं बरोबर होतं. साडी पुण्याला गेलीच नाही, कपाटात आहे.

त्याच्या घरी जायला दोनदा निघालो. दोन्ही वेळा पानठेल्यापासून परतलो. म्हटलं, जाऊ उद्या. आमच्या वयात उद्या म्हणू नये, हे मला कळायला हवं होतं.

तीन महिन्यांनी तो गेला. घाटावर मी सगळ्यांच्या मागे उभा होतो. वहिनींच्या नजरेला पडू नये म्हणून लवकर निघालो. तेरवीलाही गेलो नाही.

आज त्याचं वर्षश्राद्ध. आमच्याकडे गेलेल्याच्या वयाच्या माणसाला बोलावतात आणि त्याच्या नावानं जेवू घालतात. त्यानं पहिला घास घेतल्याशिवाय घरचं कुणी जेवत नाही.

आज नत्थूच्या पानावर कोण बसेल, हेच सकाळपासून डोक्यात आहे. मी अजून चहावरच आहे.

इथवर लिहिलं आणि कडी वाजली.

वाटलं, गॅसवाला.

दारात वहिनी. नत्थूची बायको. वर्षभरात पहिल्यांदा. दम लागलेला, पदरानं घाम पुसत उभ्या.

"भाऊजी, पान मांडलं हाये. पोराले पाठवत होती, पन त्याले तुमी काहीबी सांगून परत धाडलं असतं."

मी म्हटलं, वहिनी, मी त्याला काय बोललो ते तुम्हाला माहीत नाही.

"माहीत हाये. आल्याबरोबर सांगतलं त्यायनं." मग म्हणाल्या, "लेणीचंबी सांगतलं. कवी पाहाले आलाच नाही म्हने. चाला आता. सारे उपाशी हायेत."

आत्ता त्या ओट्यावर बसून पाणी पिताहेत. मी हे उभ्यानं पुरं करतोय.

नत्थू, चुकलं माझं.

तुझ्या नावानं जेवायला निघालोय.

येतो बे.