एसीतली मिरची

आमच्या घरी गाडीची सेवा रविवारी होते. नवरा बादली आणि जुनं बनियन घेऊन अंगणात उतरतो, बॉनेट उघडतो, ऑइलची पट्टी बाहेर काढून पुसतो, परत बुडवतो, परत काढतो आणि उजेडात धरून बघतो. कूलंट, ब्रेक ऑइल, वायपरचं पाणी, बॅटरीच्या टोकांवरची पांढरी बुरशी, सगळं त्याच्या नजरेखालून जातं. स्टेपनीतसुद्धा हवा भरून ठेवतो. गाडी छोटीशी, पण तिचे लाड बघून सासूबाई म्हणतात, "इतलं त यानी मन्हं बी कधी करं नही."

त्याच गाडीने आम्ही धाकट्या दिरासाठी मुलगी बघायला निघालो होतो.

आमचं गाव नंदुरबारजवळ, आणि शेतात मिरची. तोडलेली मिरची ज्या मोकळ्या जागेवर वाळायला पसरतात तिला आमच्याकडे पथारी म्हणतात. त्या हिवाळ्यात घरापुढे बांधकामाची वाळू पडली होती, म्हणून गाडी पथारीच्या कडेला उभी असायची. थंडीच्या दिवसांत एसीची आठवण कुणाला होणार? गाडी बाहेरून रोज पुसली जायची, आणि तेवढ्यावर आम्ही सगळे खूश होतो.

मुलीचं गाव शहाद्याच्या पुढे. आम्ही निघालो तेव्हा हिवाळा सरून ऊन चांगलंच तापायला लागलं होतं. नवरा गाडी चालवत होता, शेजारी दीर नवा शर्ट घालून ताठ बसलेला, मागे मी आणि सासूबाई. सासरे आले नव्हते. त्या दिवशी शेताला दिवसाची लाइट होती. "पोरगी पसंत पडनी की मंग मी येस," असं म्हणून ते मोटर चालू करायला गेले.

प्रकाशा गावाजवळ, तापीच्या पुलापाशी साडी पाठीला चिकटायला लागली. मी म्हटलं, "अहो, एसी लावा ना." त्याने काचा वर घेतल्या आणि पंखा पूर्ण सोडला.

पहिली शिंक दिराला आली. सासूबाई एकदम सावध झाल्या. "शुभ कामले निघनूत आनि शिकस काय रे?"

"आई, मुद्दाम शिंकतो का मी?" असं म्हणेपर्यंत त्याला दुसरी आली. मग मला. मग दस्तुरखुद्द सासूबाईंना, तीही अशी दणदणीत की पुढचं सगळं शकुनशास्त्र त्यातच उडून गेलं. घशात खवखव, नाकात आग. नवरा खोकत, डोळे मिचकावत कशीबशी गाडी चालवत होता. मी ओरडले, "आधी बाजूला घ्या!"

गाडी थांबली. चारही दारं उघडून आम्ही रस्त्याकडेला शिंकत उभे राहिलो. नवऱ्याने बॉनेट उघडून पाहिलं, ऑइलची पट्टी काढून पाहिली आणि सगळं ठीक असल्याचं सांगितलं. दिराने डोळे रुमालाने पुसले. त्याच रुमालाने तो मघापासून गाडीचा डॅशबोर्ड पुसत होता, त्यामुळे डोळे आणखीच पेटले. शेवटी एसी बंद करून, काचा खाली घेऊन आम्ही पुढे गेलो.

मुलीच्या दारात गाडी थांबली आणि आम्ही उतरलो. चौघांचे डोळे लाल, नाकं लाल, गालांवरून पाणी. मुलीची आई हसतमुखाने पुढे आली आणि जागच्या जागी थबकली. तिने सासूबाईंचा हात धरला. "काय व्हयनं बहीन? कोनी गयं का?"

"नही वो, गाडीमा..." सासूबाईंनी सांगायला तोंड उघडलं, आणि शिंकल्या.

आम्हाला आत बसवलं, पाणी दिलं. मुलगी पोह्यांचा ट्रे घेऊन आली. सगळ्यांना उत्सुकता ती दिराच्या चेहऱ्यावर काय उमटतं याची, आणि तो बिचारा ओला रुमाल डोळ्यांवर दाबून बसलेला. मी कोपराने ढोसलं. त्याने एक डोळा किलकिला उघडला, "नमस्कार," म्हणाला आणि परत मिटला.

मुलगी हसली नाही. ट्रे टेबलावर ठेवून तिने विचारलं, "एसी लावल्यावर सुरू झालं का?"

"हो," मी म्हटलं.

"मग किल्ली द्या जरा."

ती धडगावला सरकारी कचेरीत नोकरीला होती. दर आठवड्याला वडिलांची गाडी घेऊन स्वतः घाट चढायची, हे आम्हाला मध्यस्थांनी सांगितलं होतं. सांगताना त्यांचा आवाज थोडा खाली गेला होता, ते वेगळं. आता ती पदर खोचून पुढच्या सीटवर वाकली, समोरचा खण रिकामा करून बाहेर ओढला आणि आत हात घातला.

नवरा मागे उभा होता. "त्याच्या मागे पण काही असतं?"

"एसीची जाळी असते, दादा. बाहेरची हवा हिच्यातून गाळून आत येते."

जाळी बाहेर आली तेव्हा ती जाळी आहे हे सांगावं लागलं. मिरचीची सालं, बिया, देठ, आणि सगळ्यावर लाल पुडीचा थर. एका कोपऱ्यात उंदराने कुरतडून चांगलं भोक पाडलेलं. तिने ती अंगणातल्या कडुनिंबाच्या खोडावर आपटली. लाल ढग उठला आणि वारा नेमका ओसरीकडे. तिचे वडील शिंकले, आई शिंकली, कुंपणापलीकडून बघणाऱ्या शेजारीणबाईसुद्धा. मग मात्र सासूबाईंना हसू आवरेना. त्या हसल्या तशी दोन्ही घरं हसत सुटली, आणि पोहे थंडगार झाले.

दिराचे डोळे तोवर उघडले होते. तो गाडीपाशी जाऊन उभा राहिला. आम्ही आत गेलो, पण खिडकीतून सगळं ऐकू येत होतं.

"घाट उतरताना ब्रेक तापत नाहीत?" त्याने विचारलं.

"खालच्या गिअरमध्ये उतरते मी. ब्रेकवर पाय ठेवून बसत नाही." मग त्याच्याकडे बघून, "मी नोकरी सोडणार नाही."

"सोडू नका. माझं नंदुरबारचं दुकान शहाद्याला हलवता येईल, तिथून धडगाव जवळ पडेल."

हे दुकान हलवायचं आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी नवऱ्याकडे, आणि नवरा त्या रिकाम्या खणाकडे बघत होता.

परतताना शहाद्यात नवी जाळी घेतली. ती दिराने स्वतः बसवली, उलटी बसवली, काढून परत बसवली. पुलावर सासूबाईंनी एसी लावायला सांगितला आणि थंड वाऱ्यात सासऱ्यांना फोन केला. "मोटर बंद करा आनि कपडा काढी ठेवा. पुढला रविवारले जानं शे."