भगवंत गुरुजींची नावानिशी बाग

बोईसरजवळ कुंभवलीच्या बाजूला, जिथे कारखान्यांच्या भिंती संपतात आणि भाताची खाचरे सुरू होतात, तिथे जिल्हा परिषदेची चार वर्गांची एक शाळा आहे. तिचे मुख्याध्यापक भगवंत संखे गुरुजी पालघरहून रोज स्कूटरवर येतात. गुरुजी सज्जन आहेत. त्यांनी कधी कोणत्या मुलावर हात उगारला नाही, कधी शाळेच्या तांदळाला हात लावला नाही आणि मातीला तर नाहीच नाही.

इतक्या वर्षांच्या नोकरीत त्यांना एकही पुरस्कार मिळाला नव्हता. याचे दुःख त्यांना शाळेत होत नसे, नातेवाइकांत होत असे. त्यांचे साडूही शिक्षकच होते आणि साडूंच्या घरी टीव्हीच्या वरच्या फळीवर तालुक्याच्या परसबाग स्पर्धेची ढाल उभी होती. सणावाराला जेवायला बोलावले की गुरुजींचे ताट नेमके त्या ढालीसमोर मांडले जाई. वाढता वाढता साडू म्हणत, ‘‘भगवंतराव, तुमच्याकडे जागा आहे हो, पण माणसाला मुळात आवड लागते.’’ गुरुजी भात कालवीत राहत. निवृत्ती जवळ आली होती. पहिला क्रमांक मिळाला नाही तर निरोपाच्या समारंभात आपल्याविषयी ‘मनमिळाऊ’ या शब्दापलीकडे कोणाला काही सुचणार नाही, ही भीती त्यांच्या मनात घर करून बसली होती.

म्हणून त्या वर्षी जूनमध्येच गुरुजींनी परसबागेचा संकल्प सोडला. जवळच्या एका कारखान्याने रोपे दिली आणि ‘प्लास्टिक टाळा, वसुंधरा सांभाळा’ असा भला मोठा फलकही दिला. तो फलक प्लास्टिकचा होता आणि पुढे शाळेच्या गळक्या पत्र्यावर अंथरण्यास तो फारच उपयोगी पडला. मुलांनी पर्यावरणाची शपथ घेतली. कागदी पानांचे मुकुट घालून प्रभातफेरी काढली. गांडूळखताचा खड्डा खणला, त्याच्याभोवती उभे राहून छायाचित्र काढले आणि तो खड्डा बुजवला, कारण पहिलीतले एक मूल त्यात पडले होते.

एवढे सर्व तर प्रत्येक शाळा करते. पहिल्या क्रमांकासाठी काही वेगळे हवे होते. गुरुजींनी पुष्कळ विचार केला आणि त्यांना ते सुचले. प्रत्येक रोपाला एका मुलाचे नाव द्यायचे. पत्र्याच्या पाट्या करून घेतल्या, त्यांवर स्वतःच्या वळणदार अक्षरात नावे रंगवली आणि तारेने बांधून टाकली. मिरची म्हणजे बबलू तामोरे. टोमॅटो म्हणजे किंजल. भेंडी म्हणजे भावेश. अशी सगळी शाळा वाफ्यांत उभी राहिली.

गावात मात्र ही बातमी पोहोचताच आया ओट्याओट्यावर जमू लागल्या. ज्याच्या नावाने झाड लावावे त्याचा जीव त्या झाडात अडकतो, झाड सुकले तर माणसाला बाधते, असे त्या बाजूला मानतात. आपल्या हाताने मुलाच्या नावाचे झाड लावणे वेगळे. त्याला आई डोळ्यांत तेल घालून जपते. पण मुरमाड जमीन, कारखान्यांकडून येणारा उग्र वारा आणि पाणी घालणार कोण, तर सहा वर्षांची मुले. त्यांची पाणी घालण्याची पद्धत अशी की एका रोपावर सगळे मिळून धार धरायचे आणि दुसऱ्याकडे बघायचेही नाही.

बबलूची आई हिराबाई शाळेत आली. तिचे माहेर तारापूरच्या किनाऱ्याला, कोळीवाड्यात. ती बोईसरच्या बाजारात सुकी मासळी विकते आणि बोलताना कोणाची भीड ठेवत नाही. तिच्यासोबत किंजलची आई विजया होती. विजयाच्या माहेरची केळव्याला झाडांची वाडी आहे, त्यामुळे झाडांविषयी तिचा शब्द आयांमध्ये मानला जातो. दोघींनी हात जोडून विनंती केली की, बाग राहू द्या, नावे तेवढी काढा. गुरुजींनी त्यांना बसायला खुर्च्या दिल्या आणि वैज्ञानिक दृष्टिकोन या विषयावर पाऊण तास समजावले. शेवटी म्हणाले, ‘‘विजयाताई, हिराबाई, हे विज्ञानाचे युग आहे. नावामुळे मुलांत जबाबदारी येते. झाड सुकणार नाहीच.’’

त्यांचे हे शेवटचे वाक्य खरे ठरले. ते कसे, हे मात्र गुरुजींना फार उशिरा समजले.

पावसाने उघडीप दिली तेव्हा पहिल्यांदा बबलूची मिरची मान टाकू लागली. हिराबाई बाजाराला जाताना शाळेवरून गेली, तिने ती मिरची उपटली आणि तिथे दुसरे रोप लावून पाटी पुन्हा त्याच्या गळ्यात अडकवली. मिरचीचे रोप हाताशी नव्हते, म्हणून वांग्याचे लावले. गुरुजींच्या दृष्टीस हा बदल पंधरवड्याने पडला. मिरचीला वांग्याचे फूल पाहून त्यांनी कारखान्याच्या माणसाला फोन केला आणि चुकीची रोपे दिल्याबद्दल खडसावले. त्या माणसाला मिरची आणि वांगे यांतला फरक ताटात वाढल्याशिवाय कळत नव्हता. त्याने तत्काळ क्षमा मागितली.

मग हे सर्रास सुरू झाले. कोणाचे रोप पिवळे पडले की त्याची आई विजयाला गाठत असे आणि विजया केळव्याहून भावाच्या वाडीतले रोप मुळांच्या मातीसकट आणून देत असे. पुढे पुढे यात ईर्ष्याही शिरली. भावेशची भेंडी किंजलच्या टोमॅटोपेक्षा उंच दिसली, हे विजयाला सहन झाले नाही. एका सोमवारी किंजलच्या टोमॅटोला एकदम लाल फळे लटकलेली दिसली. शनिवारी तिथे फूलही नव्हते. गुरुजींनी ही घटना चौथीच्या वर्गाला सेंद्रिय खताचा चमत्कार म्हणून शिकवली. बबलूच्या वांग्यालाही पुढे कीड लागली, तेव्हा हिराबाईने जोखीमच नको म्हणून कंबरेएवढी पपई आणून लावली. गुरुजी त्याला उत्क्रांती म्हणाले नाहीत, एवढेच.

शाळेतल्या दुसऱ्या शिक्षिका जागृतीबाई यांना सगळे माहीत होते. त्यांनी दोनदा सांगण्याचा प्रयत्न केला. दोन्ही वेळा गुरुजी केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीसाठी ‘नामकरणातून संगोपन’ या विषयावरचे भाषण पाठ करीत होते, त्यामुळे ऐकायला त्यांना सवड झाली नाही. ते भाषण गाजले. टाळ्यांत साडूंचेही हात होते आणि ते अगदी हळू वाजत होते, हे गुरुजींनी व्यासपीठावरून नीट पाहून घेतले.

दिवाळीच्या आधी स्पर्धेचे परीक्षक असलेले अधिकारी साहेब प्राथमिक पाहणीला आले. बाग पाहून ते थक्क झाले. गुरुजींना वाटले, हीच वेळ आहे. त्यांनी झेंड्याच्या खांबाजवळ साहेबांच्या हस्ते आंब्याचे कलम लावून घेतले आणि त्याला सर्व पाट्यांपेक्षा मोठी पाटी बांधली. तिच्यावर साहेबांचे नाव पदवीसह रंगवले होते. साहेबांनी अंधश्रद्धा निर्मूलनावर चार शब्द सांगितले, मुलांना गोळ्या वाटल्या आणि जानेवारीत अंतिम पाहणीला येतो म्हणून ते निघून गेले.

त्यानंतर सुटी लागली. सुटीतही आया फाटकावरून चढून येत आणि आपापल्या पाटीपुरते पाणी घालून जात. शाळा पुन्हा भरली तेव्हा बाग हिरवीगार होती. साहेबांच्या कलमाची पाने मात्र गळत होती. गुरुजींनी ती पानगळ समजली. थंडीत पाने गळतात, असे चौथीच्या पुस्तकात दिलेले होते.

अंतिम पाहणीच्या सकाळी गुरुजी इस्त्रीचा सदरा घालून आले. पताका लागल्या होत्या, मुले रांगेत उभी होती, काही पालकही जमले होते. गुरुजी झेंड्याजवळ गेले आणि त्यांच्या तोंडचे पाणी पळाले. संपूर्ण बागेत एकच झाड मेलेले होते, त्याची नुसती काडी उरली होती आणि त्या काडीवर साहेबांचे नाव पदवीसह झळकत होते.

गुरुजींनी विजयाला बाजूला घेतले आणि एखादे कलम मिळेल का, असे विचारले. विजया म्हणाली, ‘‘मिळंल की. पण केळवं काय मागच्या गल्लीत हाय का, गुरजी? साहेब बोईसरला पोचल्याचा फोन आला न्हवं?’’

गुरुजींनी इकडेतिकडे पाहिले. खांबाच्या सर्वांत जवळ, भरदार पानांची, बबलूची पपई उभी होती. त्यांच्या डोळ्यांसमोर टीव्हीवरची ती ढाल आली. त्यांनी पपईच्या गळ्यातली तार सोडली, बबलूची पाटी काढली आणि साहेबांची पाटी हातात घेतली. एका झाडाला नाव नाही असे दिसू नये म्हणून बबलूची पाटी त्या काडीला बांधावी, एवढे साधे त्यांचे गणित होते.

हिराबाई मासळीची टोपली खाली ठेवून मध्ये येऊन उभी राहिली. ती ओरडली नाही. म्हणाली, ‘‘गुरजी, ती पाटी हितं द्या.’’

‘‘हिराबाई, पाच मिनिटांचा प्रश्न आहे. साहेब गेले की पुन्हा बदलून टाकतो.’’

‘‘माज्या पोराचं नाव मेल्या काडीला पाच मिन्टं काय, पाच पळं बी लागायचं नाय. लावून बगा. साहेब गाडीतून उतरला की समदं सांगते मी. कुनी मिरची लावली, कुनी वांगं लावलं, कुनी पपई आनली.’’

गुरुजींना काही उमगेना. कोणती मिरची, असे त्यांनी विचारले. तेव्हा जमलेल्या आया एकमेकींकडे पाहून हसू लागल्या आणि तिथेच, पताकांखाली, त्यांना सगळी हकिकत ऐकवण्यात आली. गुरुजींच्या मूळ रोपांतले एकही आज जिवंत नव्हते. भावेशच्या जागेवर तर चौथे रोप होते. गुरुजींचे तोंड उघडे राहिले. त्यांनी दुखावलेल्या स्वरात विचारले, ‘‘मग एवढी झाडे जगवलीत, तर साहेबांच्या झाडाला तांब्याभर पाणी कोणाला घालता आले नाही?’’

हिराबाईने पाटी पदराने पुसली आणि पपईला परत बांधली. ‘‘साहेबाची आय हितं कुठं ऱ्हाते, गुरजी?’’

तेवढ्यात फाटकाशी गाडीचा हॉर्न वाजला. गुरुजींनी साहेबांची पाटी सदऱ्याच्या आत खुपसली.

साहेबांनी बाग मनापासून पाहिली. टोमॅटोचे कौतुक केले, पपईच्या उंचीचे कौतुक केले. मग ते खांबाजवळ आले आणि त्या काडीसमोर थांबले. आपले झाड कुठे आहे, असे त्यांनी विचारले. गुरुजींनी बकरीचे नाव पुढे केले. साहेबांनी सभोवार नजर फिरवली. त्या बकरीने पन्नास पावलांच्या बागेत दुसऱ्या कशालाही तोंड लावलेले दिसत नव्हते. साहेबांचा हात नकळत छातीवर गेला. हलक्या आवाजात ते म्हणाले, ‘‘पाटी कुठे आहे?’’

गुरुजींनी ती सदऱ्यातून काढून दिली. चार शब्दांत अंधश्रद्धेचे निर्मूलन करून गेलेल्या साहेबांनी ती पाटी कोणाच्या हाती लागू नये अशा रीतीने रुमालात गुंडाळली, बॅगेच्या तळाशी ठेवली आणि चहा न घेता ते गाडीत बसले. जाताना त्यांनी चालकाला वाटेत मारुतीच्या देवळापाशी थांबायला सांगितले. हे चालकाने पुढे चहाच्या टपरीवर सांगितले, म्हणून सर्वांना कळले.

निकाल लागला. पहिला क्रमांक पुन्हा साडूंच्या शाळेला मिळाला. गुरुजींच्या शाळेला उत्तेजनार्थही काही नव्हते. साडूंनी त्याच दिवशी फोन करून जेवायला बोलावले आणि फळीवर दुसऱ्या ढालीसाठी जागा करीत असल्याचे आवर्जून सांगितले. गुरुजींनी पोट बिघडल्याचे कारण दिले.

त्यानंतर आठवड्याने एका दुपारी विजया किंजलला न्यायला आली असता गुरुजींनी तिला थांबवले. झेंड्याजवळची जागा ओकीबोकी दिसते, केळव्याहून एखादे चिवट झाड आणता येईल का, असे त्यांनी विचारले.

‘‘आनते की,’’ विजया म्हणाली. ‘‘नाव कुनाचं लावायचं?’’

‘‘कोणाचेच नाही.’’

‘‘मग पानी कोन घालनार?’’

विजया निघून गेल्यावर गुरुजी जागृतीबाईंच्या वर्गाच्या दाराशी गेले आणि कोणी ऐकत नाही याची खात्री करून त्यांनी विचारले की, आपल्या शाळेचा नळ नेमका कोणत्या बाजूला आहे.