दोघांची ट्रायल

"गाडी थरथरते, पण मी एकटी असले तरच," बाई म्हणाल्या, आणि मी मनातल्या मनात त्यांना वेड्यात काढलं.

शिवडीला गोदामांच्या रांगेत माझं गॅरेज आहे. बाई गिरगावातल्या एका वाडीत राहणाऱ्या, बँकेतून निवृत्त झालेल्या, सत्तरीला टेकलेल्या. गाडी लाल, दोन सीटची, जुनी पण पळायला तिखट. हौस त्यांच्या मिस्टरांची. मिस्टरांचे गुडघे गेल्यावर चालवायला बाई बसू लागल्या आणि ते बाजूला बसून सूचना द्यायचे. चार महिन्यांपूर्वी मिस्टर गेले. थरथर सुरू झाली ती त्यानंतर.

"कधी होते?" मी विचारलं.

"वेग घेताना. पाय दाबला की खालून हादरते, सोडला की थांबते. मुलगा परदेशातून रोज फोन करतो, तुला भास होतात, विकून टाक म्हणतो. रविवारी एक जण बघायला येणार आहे." त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली. "मिस्त्री, दोष गाडीत असेल तर काढा, मी गाडी ठेवीन. माझ्यात असेल तर विकून टाकते. फक्त खरं काय ते सांगा."

आमच्याकडे ट्रायल दोघांनी घ्यायची रीत. तीस वर्षं माझा भागीदार बाजूला बसायचा. मालवणचा माणूस. डोळे मिटून, एक हात सीटखाली आणि एक दारावर ठेवून म्हणायचा, "तू चालव, मी आयकतंय." दोन वर्षांपूर्वी तो कायमचा गावी गेला. तेव्हापासून मी गिऱ्हाइकालाच बाजूला बसवतो. तक्रार नेमकी कळते, असं मी सगळ्यांना सांगतो. खरं कारण वेगळं आहे. डिलाईल रोडच्या खोलीत माझ्याशी बोलायला भिंती आहेत. लग्न झालं नाही, भाऊ विरारला गेला. ट्रायलच्या वीस मिनिटांत कोणीतरी बाजूला बसून बोलतं, ते मला हवं असतं. हे कबूल करायला मला लाज वाटते, पण आहे ते आहे.

मंगळवारी बाईंना बाजूला बसवून बंदराच्या मोकळ्या रस्त्यावर गाडी काढली. तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला. काही नाही. पुन्हा दाबला. गाडी लोण्यासारखी गेली. मग बाईंना चालवायला दिली आणि मी बाजूला बसलो. तरी काही नाही. बाईंचा चेहरा उतरत चालला होता आणि मी मात्र गप्पा मारत होतो. बुधवारी चाकं बॅलन्स केली, इंजिनाची रबरं तपासली, पुन्हा त्यांना घेऊन निघालो. काही नाही.

"मॅडम, गाडीला काही झालेलं नाही," मी सांगून टाकलं. "घरातलं माणूस गेलं की असं होतं."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "बरं झालं स्पष्ट सांगितलंत," म्हणाल्या. वाडीत त्या माणसाला गाडी दाखवायला जागा नाही म्हणून गाडी रविवारपर्यंत माझ्याकडेच ठेवून त्या बसने गेल्या. मला काही वाटलं नाही. एक काम उरकलं, एवढंच वाटलं.

गुरुवारी पेट्रोल भरायला गाडी काढली. बाजूला बसायला कोणी नव्हतं. मोकळ्या रस्त्यावर सवयीने पाय दाबला आणि कमरेखाली सीट थरथरायला लागली. पाय सोडला, थांबली. दाबला, परत सुरू. गाडी कडेला घेतली आणि स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिलो. बाईंनी पहिल्याच वाक्यात मला रोगाचं मूळ सांगितलं होतं. एकटी असले तरच. ते सोडून बाकी सगळं मी तपासलं होतं, कारण एकट्याने गाडी काढायची माझीच तयारी नव्हती.

शेजारच्या गोदामातून सिमेंटची दीड गोणी आणली, डाव्या सीटवर ठेवली, वर पट्टा लावला. थरथर गायब. उतरवली, परत हजर. मग गाडी वर घेतली. स्प्रिंगा नव्या आणि उंच होत्या. बाईंना फोन करून विचारलं, तर म्हणाल्या, मिस्टरांनीच बसवून घेतल्या, जायच्या महिनाभर आधी. वाडीच्या तोंडाशी स्पीड ब्रेकरला गाडीचं पोट घासायचं म्हणून. गाडी उंच झाली आणि चाकाला ताकद पोचवणारा दांडा, आमचा एक्सल, वाजवीपेक्षा तिरका झाला. डावीकडचा जॉइंट आतून झिजलेलाच होता. बाजूला माणूस बसलं की ती बाजू दबायची, दांडा सरळ व्हायचा, थरथर झाकली जायची.

"म्हणजे ह्यांच्या वजनाने कळत नव्हतं?" फोनवर त्यांनी विचारलं.

"हो."

त्या म्हणाल्या, "म्हणजे मला वेड लागलेलं नाही."

"नाही मॅडम. चूक माझी. मला माफ करा."

जॉइंट बदलला, जुन्या उंचीच्या स्प्रिंगा परत घातल्या. शनिवारी सकाळी बाई आल्या. मी सवयीने डावं दार उघडलं, तर त्या म्हणाल्या, "तुम्ही नका बसू." बरोबरच होतं. मी दार लावून घेतलं आणि फाटकाशी उभा राहिलो. वीस मिनिटं मला काय करावं सुचत नव्हतं. उगाच एक पाना पुसत बसलो.

गाडी परत आली. काच खाली झाली. बाईंचे डोळे ओले होते. "काही नाही," म्हणाल्या. "अगदी शांत."

"एक आहे मॅडम. वाडीच्या स्पीड ब्रेकरला आता परत घासेल. तिरकी काढा."

"ह्यांचं तेच चालायचं. तिरकी काढ, तिरकी काढ. आणि घासली की मलाच ओरडायचे." त्या हसल्या आणि निघाल्या. लाल गाडी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत मी बघत होतो.

दुपारी डबा उघडत होतो, तेवढ्यात फोन वाजला.

"मिस्त्री, घासली हो!" बाईंचा आवाज लहान मुलीसारखा झाला होता. "अगदी पहिल्यासारखी. तिरकी काढली तरी घासली. आणि उद्याच्या माणसाला येऊ नका म्हणून कळवलंय."

मी म्हणालो, छान झालं. आणखी काहीतरी बोलावंसं वाटत होतं, पण त्यांना मुलाला फोन करायचा होता. त्यांनी ठेवला. मी फोन डब्याशेजारी उताणा ठेवला आणि संध्याकाळपर्यंत मधून मधून बघत राहिलो. त्या आठवड्यात मला आलेला तो एकच फोन होता.