काळ्या फडक्याखालचा उजेड

अड्याळच्या बाजारात तो एक लाकडी पेटी घेऊन बसायचा. पेटीवर काळं फडकं असे. आजारी माणसाने पेटीत हात घालायचा, मग हा फडक्याखाली डोकं खुपसायचा आणि सांगायचा, "उजेड सही आहे, भिऊ नोको." माणसाच्या पेशींतून उजेड निघतो, असं त्याने पेपरात वाचलं होतं. ते कात्रण कायम त्याच्या खिशात.

मी शाळेत विज्ञान शिकवायचो. एकदा ते कात्रण मी त्यालाच वाचून दाखवलं. हा उजेड डोळ्यांना दिसत नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं.

"तुमाले नाही दिसत गुरुजी, मले दिसते," तो थंडपणे म्हणाला. ते आठवलं की आजही माझं टाळकं सरकतं.

पुढे माझी बदली नाकाडोंगरीला झाली. तिकडे अड्याळला मागे राहिलेली माझी आई तापाने फणफणली आणि बारा दिवस त्याच्याच पेटीत हात घालत राहिली. तेराव्या दिवशी गेली.

वर्षभराने तो मला एसटी स्टँडवर दिसला. पोरीला त्याच काळ्या फडक्यात गुंडाळून भंडाऱ्याच्या दवाखान्यात निघाला होता.

"पेटीत नाही पाहिलं?" मी विचारलं.

"मजाक कायले करता गुरुजी? पोरीले ताप आहे ना!"

माझ्या आईलाही तापच होता.